मुकादम, घड्याळ आणि मालक

विलेपार्लें हें नांव उच्चारलें कीं, मुंबईच्या मराठी माणसाच्या मनांत दोन चित्रें उभीं राहतात. पहिलें चित्र सकाळचें. टिळकांच्या नांवाच्या शाळेची घंटा वाजत आहे, आणि चार घांस घाईनें पोटांत ढकलून घरांतून निघालेला कारकून छत्री सांवरीत स्टेशनाकडे झपाझप चालला आहे. दुसऱ्या चित्राचा संबंध डोळ्यांपेक्षां नाकाशीं अधिक आहे. रुळांच्या पूर्वेस बिस्किटांचा एक कारखाना होता, आणि त्याच्या भट्ट्यांतून सुटणारा गोड वास आगगाडींत पेंगणाऱ्या उतारूलाही 'पार्लें आलें' अशी वर्दी देत असे. तो कारखाना २०१६ सालीं बंद झाला. वास गेला, पण ज्यांनीं तो एकदां घेतला आहे त्यांच्या आठवणींतून तो सहसा जाणार नाहीं.

हीं दोन्हीं चित्रें एकाच काळाचीं अपत्यें आहेत. पार्ले टिळक विद्यालय १९२१ सालीं निघालें, लोकमान्य सेवा संघ १९२३ सालीं स्थापन झाला, ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाब्यापासून बोरीवलीपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली, आणि १९२९ सालीं येथें तो कारखाना उभा राहिला. शाळा, सभागृह, वीज आणि यंत्र या चारही गोष्टी एका लहानशा उपनगरानें आठ-नऊ वर्षांच्या आंत पाहिल्या. या सर्वांच्या पोटांत एक जुना प्रश्न दडलेला होता : माणसानें माणसाकडून काम कसें करून घ्यावें? 'व्यवस्थापन' हा शब्द आज सर्वतोमुखीं झाला असला, आणि त्यावर देशोदेशींच्या विद्यापीठांतून पदव्या मिळत असल्या, तरी प्रश्न तोच आहे. निरनिराळ्या देशांनीं त्याला दिलेलीं उत्तरें आपल्या मुंबईंत कशीं आलीं, आणि येथें आल्यावर त्यांचें काय झालें, हें आज आपण पाहूं.

प्रथम पार्ल्याचाच कारखाना घेऊं. मोहनलाल दयाल चौहान हे त्याचे संस्थापक. ते मूळचे गुजराथेंतील; मुंबईंत त्यांचा कापडाचा धंदा होता. स्वदेशीच्या चळवळीनें देशी मालाची ओढ निर्माण झाली होती, पण गोळ्या-चॉकलेटांचे डबे मात्र विलायतेहून येत. चौहान यांनीं जर्मनीस जाऊन मिठाईची विद्या शिकून घेतली, तेथून यंत्रें आणलीं आणि विलेपार्ल्यास कारखाना काढला. आरंभीं काम करणारीं माणसें सुमारें बारा, आणि त्यांतील बहुतेक घरचींच. कामाच्या गडबडींत कारखान्याला नांव द्यावयाचें राहून गेलें, म्हणून गांवाचेंच नांव त्याला चिकटलें, अशी आख्यायिका सांगतात. पुढें दहाएक वर्षांनीं ग्लूकोजचीं बिस्किटें निघालीं आणि पार्ल्याचें नांव खेड्यापाड्यांतील चहाच्या कपापर्यंत जाऊन पोहोंचलें.

या कथेंत आपल्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट एकच आहे. यंत्र जर्मनीचें आणि कृति जर्मनीची असली, तरी त्या यंत्राभोंवतीं उभ्या राहिलेल्या माणसांचें परस्परांशीं असलेलें नातें गुजराथी कुटुंबाचें होतें. जर्मन कारखान्यांतील फोरमन, त्याची शिस्त, तेथील कामगारांचें मंडळ यांपैकीं कांहींच त्या जहाजांतून आलें नाहीं. यंत्र पेटींत बंद करून आणतां येतें. काम करण्याची रीत मात्र ज्या मातींत यंत्र बसवावें तेथील लोकव्यवहारांतून उगवते. मुंबईच्या औद्योगिक इतिहासाचा बराच भाग या एका वाक्याच्या आधारानें समजूं शकतो.

पाऊणशें वर्षें मागें जाऊं. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंतील पहिल्या कापूस-गिरणीची कंपनी काढली, आणि १८५६ सालीं ताडदेवास ती गिरणी चालू झाली. यंत्रें लँकेशायरचीं, तीं बसविणारे व चालविणारे तज्ज्ञही प्रथम तिकडचेच. पण कामावर माणसें कोण आणणार? साहेबाला मराठी येत नव्हतें, शेठजींना रत्नागिरी आणि सातारा येथील माणूस ओळखीचा नव्हता, आणि गलबतांतून भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या कोंकणच्या शेतकऱ्याला गिरणीचा दरवाजा कोणत्या दिशेस आहे हेंही ठाऊक नव्हतें. या तिघांच्या मधें एक मनुष्य उभा राहिला. तोच मुकादम, ज्याला गिरणीच्या भाषेंत जॉबर म्हणत.

मुकादमाचा अधिकार कागदावर लहान होता. प्रत्यक्षांत मात्र तो कामगाराच्या सर्व आयुष्यावर पसरलेला असे. गांवाकडून माणूस आणावा, त्याला काम शिकवावें, चुकल्यास दंड करावा, न आवडल्यास काढून टाकावें, अडचणींत पैसे कर्जाऊ द्यावे, चाळींत खोली पाहून द्यावी, आणि नवराबायकोच्या भांडणांतही निवाडा करावा, इतकीं सर्व कामें त्याचीं. नोकरी देण्याबद्दल तो 'दस्तुरी' घेई, आणि नोकरी टिकविण्याबद्दलही घेई. ज्या खात्यांत स्त्रिया काम करीत तेथें हाच अधिकार 'नायकिणी'च्या हातीं असे. मालकाला हें सर्व ठाऊक होतें. पण मागणी वाढली कीं माणसें वाढवावीं आणि घटली कीं कमी करावीं, या त्याच्या गरजेला मुकादम फार सोईचा होता. कामगारालाही तो सर्वस्वीं परका वाटत नसे, कारण पुष्कळदां तो त्याच्याच गांवचा, त्याच्याच भाषेंत बोलणारा असे. त्याचा जुलूम ओळखीचा होता, आणि परक्या शहरांत ओळखीच्या जुलमाचाही आधार वाटतो. शिवाय मुकादमाची पत त्याच्या हाताखालील माणसांवर अवलंबून असे. तीं सर्वच बिथरलीं तर साहेबापुढें त्याची किंमत शून्य होई. म्हणून अनेक संपांत मुकादम मालकाच्या बाजूस दिसतो, तसाच कित्येक संपांत कामगारांच्या अग्रभागींही दिसतो.

मुकादमानंतर आलें घड्याळ. आरंभींच्या गिरणीचें घड्याळ म्हणजे सूर्यच होता. उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्र चाले. त्यामुळें उन्हाळ्यांत दिवस मोठा आणि मजुरीही अधिक कष्टाची. १८८१ सालीं पहिला फॅक्टरी ॲक्ट झाला. त्यानें सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाचे नऊ तास ठरवून दिले. प्रौढ कामगारांबद्दल त्यानें कांहींच म्हटलें नव्हतें. सात वर्षांच्या मुलानें नऊ तास काम करणें ही त्या काळीं दया समजली जात होती, एवढ्यावरून बाकीच्यांची स्थिति काय असेल याची कल्पना करावी.

या स्थितीस वाचा फोडणारा पुरुष म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेंतील हे गृहस्थ 'दीनबंधु' पत्राचे संपादक होते, आणि कांहीं काळ त्यांनीं स्वतः एका गिरणींत कोठारावर नोकरीही केली होती. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढें ठेवला. त्यांतील मागण्या आज वाचल्या म्हणजे त्यांचा साधेपणा मनाला चटका लावतो. रविवारीं सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा. सकाळीं साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावें. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातांत पडावा. आणि यंत्रांत सांपडून जो जायबंदी होईल त्याच्या पोटाची कांहीं व्यवस्था व्हावी. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले. त्या सभेंत दोन स्त्रियांनींही भाषणें केलीं. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. पुढील वर्षींच्या कायद्यानें आठवड्याच्या सुटीस सरकारी मान्यताही मिळाली.

पण घड्याळाची कथा येथें संपत नाहीं. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याची मर्यादाही गेली; १९०५ च्या सुमारास कित्येक गिरण्या चौदा-चौदा तास चालूं लागल्या. मग कायद्यास एक-एक पायरी उतरावी लागली. प्रौढ पुरुषांसाठीं १९११ सालीं कापडगिरण्यांत बारा तास, १९२२ सालीं अकरा, १९३४ सालीं दहा, आणि १९४८ सालीं नऊ तास व आठवड्यास अठ्ठेचाळीस, अशी ती उतरण आहे. ज्याला आपण आज कामाची 'नेहमीची वेळ' म्हणतों ती अशी सदतीस वर्षांत, सभा, संप आणि कायदे यांच्या योगानें घडलेली आहे.

आतां मुंबईबाहेर नजर टाकूं. मालकानें कामगारांशीं वडिलाप्रमाणें वागावें, ही कल्पना इंग्रजी यंत्रयुगाच्या पहाटेसच निघाली होती. स्कॉटलंडांतील न्यू लॅनार्क या गांवच्या गिरण्यांचा कारभार १८०० सालीं रॉबर्ट ओवेन याच्या हातीं आला. त्यानें दहा वर्षांखालील मुलांना कामावरून काढून शाळेंत घातलें, तास कमी केले, स्वस्त व चांगल्या मालाचें दुकान काढलें. अमेरिकेनें कापूस पाठविणें बंद केलें आणि गिरण्या थांबल्या, तेव्हां चार महिने त्यानें कामगारांना घरबसल्या पगार दिला. मारहाण त्यानें बंद केली, पण शिस्तीसाठीं एक चमत्कारिक युक्ति योजली. प्रत्येक कामगाराच्या जागेवर लांकडाचा एक चौकोनी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजूंस काळा, निळा, पिवळा आणि पांढरा असे रंग. आदल्या दिवसाचें काम जसें झालें असेल तसा रंग पुढें केलेला असे. काळा रंग वाईट वागणुकीचा, पांढरा उत्कृष्ट वागणुकीचा. कोणी रागावत नसे, पण सर्व गांवाला दिसत असे. आजच्या कचेऱ्यांतून महिन्याच्या उत्तम सेवकाचें चित्र भिंतीवर लावतात, त्या प्रथेचा पूर्वज हा ठोकळाच म्हणावयाचा.

वडीलकीची ही पद्धति आपल्याकडेही रुजली, आणि तिचीं उत्तम उदाहरणें मुंबई शहराच्या बाहेर दिसतात. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरास १८७७ च्या पहिल्या जानेवारीस सुरू झाली. तेथील कामगार मनाला येईल तेव्हां गैरहजर राहत. जमशेटजींनीं दंड वाढविण्याऐवजीं हवा खेळती केली, नियमित येणाऱ्यांस बक्षिसें दिलीं, आणि १८८६ पासून पुढें म्हातारपणाची तरतूद, अपघातांची भरपाई अशा योजना आणल्या, ज्यांचा कायदा होण्यास अजून पुष्कळ वर्षें होतीं. त्यांच्या मागून उभ्या राहिलेल्या जमशेटपूरच्या पोलाद कारखान्यांत आठ तासांचा दिवस १९१२ सालींच आला.

दुसरें उदाहरण सांगली-कुंडलच्या बाजूचें. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें, मग लोखंडी नांगर. १९१० सालीं औंध संस्थानच्या राजेसाहेबांनीं दिलेल्या ओसाड माळावर त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. कारखाना आणि गांव एकदमच जन्मास आले. घरें, शाळा, उत्सव सर्व सामायिक. समाजानें गुन्हेगार म्हणून बाजूस टाकलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनीं पहाऱ्याचें काम सोंपविलें, आणि शिवाशीव कारखान्याच्या व्यवहारांत येऊं दिली नाहीं. विश्वास टाकला म्हणजे माणूस विश्वासास पात्र होतो, हें तत्त्व तेथें प्रयोगानें पाहिलें गेलें.

त्याच सुमारास जपानांत कानेबो या कापूस-गिरण्यांच्या कंपनींत मुतो सांजी नांवाचा व्यवस्थापक असाच विचार करीत होता. कामगारांच्या सूचनांसाठीं पेटी, कंपनीचें मासिक, परस्पर साह्याचा निधि अशा गोष्टी त्यानें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सुरू केल्या. परंतु त्याच काळांत जपानी गिरण्यांतील बहुसंख्य मुली खेड्यांतून करारानें आणलेल्या, कुंपणाच्या आंतील वसतिगृहांत राहणाऱ्या आणि रात्रपाळी करणाऱ्या होत्या. त्यांची रात्रपाळी १९२९ सालीं बंद झाली. वडीलकीची दुसरी बाजू ती ही. वडील प्रेमळ असतील तोंवर घर सुखाचें. पण मुलाला त्यांच्याशीं मतभेद झाला तर दाद कोणाकडे मागावयाची? ओवेनच्या ठोकळ्यावर कामगाराला ओवेनचा रंग फिरवितां येत नव्हता.

अमेरिकेनें तिसरेंच उत्तर काढलें. फ्रेडरिक टेलर याचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें साधन म्हणजे सेकंद मोजणारें घड्याळ. प्रत्येक हालचाल मोजावी, फुकट जाणारी काढून टाकावी, उत्तम रीत एकदां ठरवावी आणि सर्वांकडून तशीच करवून घ्यावी. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यांत लोखंडाच्या लगडी वाहणारा मजूर दिवसास साडेबारा टन वाही, तो या रीतीनें साडेसत्तेचाळीस टन वाहूं लागला, असें टेलरनेंच सांगितलें आहे. मजुरी किती वाढली? एक डॉलर पंधरा सेंटांवरून एक डॉलर पंचाऐंशी सेंट. काम पावणेचारपट झालें, आणि मजुरी शेंकडा साठ वाढली. टेलरच्या हिशेबांत या दोन आंकड्यांमधील अंतर विज्ञानाचें होतें. कामगाराच्या हिशेबांत तें कोणाचें होतें, हें सांगावयास नको.

हेन्री फोर्डनें १९१३ सालीं मोटारीचा सांगाडाच कामगारांपुढून सरकता केला. काम इतकें कंटाळवाणें झालें कीं, त्या एका वर्षांत दर जागेमागें तीनांहून अधिक माणसें नेमावीं लागलीं. तेव्हां जानेवारी १९१४ मध्यें त्यानें दिवसास पांच डॉलर आणि आठ तास जाहीर केले. जगानें त्याची वाहवा केली. मात्र त्या पांच डॉलरांस पात्र होण्यासाठीं कामगार घरीं नीट राहतो कीं नाहीं, दारू पितो काय, शिल्लक टाकतो काय, हें पाहण्यास कंपनीचे तपासनीस घरोघर फिरत. अमेरिकेचें घड्याळ असें वडीलकीचा अंगरखा घालूनच घरांत शिरलें.

हें घड्याळ मुंबईस आलें तेव्हां काय झालें? पहिल्या महायुद्धानंतर जपानी कापडानें मुंबईचा बाजार घेरला. खर्च कमी करण्यासाठीं ससून गटाच्या गिरण्यांनीं १९२६-२७ च्या सुमारास नवी 'कार्यक्षमता' सुरू केली : विणकरानें दोनांऐवजीं तीन माग चालवावे, कांतणाऱ्यानें एकाऐवजीं दोन बाजू संभाळाव्या. टेलरच्या ग्रंथांत कामगाराला अगोदर चांगलें हत्यार, चांगला माल, आणि वाढीव मजुरी द्यावयाची होती. येथें सूत तेंच तुटणारें राहिलें, हवा तीच कोंदट राहिली, मुकादमही तोच राहिला. वाढला फक्त माग. शिवाय प्रत्येक तिसऱ्या मागाबरोबर एका विणकराची भाकरी जात होती. १९२८ च्या एप्रिलांत सुरू झालेला सार्वत्रिक संप सुमारें दीड लाख कामगारांनीं जवळजवळ सहा महिने चालविला. विजेची गाडी पार्ल्यावरून धांवूं लागली तें वर्ष हेंच, हेंही ध्यानांत ठेवावें. जी वीज कारकुनाचा प्रवास सुखाचा करीत होती, तीच गिरणगांवांत रात्रीचा दिवस करण्यास कारण झाली होती.

या संघर्षांतून एक गोष्ट सरकारच्याही लक्षांत आली. १९२९ ते १९३१ या काळांत काम केलेल्या मजूरविषयक शाही कमिशननें मुकादमाच्या हातांतील नेमणुकीचा व बडतर्फीचा अधिकार काढून तो जबाबदार अधिकाऱ्याकडे द्यावा असें सुचविलें. मजूर अधिकारी आले. १९३५ सालीं बदली कामगारांची नोंद ठेवून पाळीपाळीनें काम देण्याची योजनाही सुरू झाली. मुकादम एका दिवसांत नाहींसा झाला नाहीं. पण त्याच्या मनगटांतली शक्ति प्रथमच नियमाच्या कक्षेंत आली.

चौथें उत्तर जर्मनीचें, आणि तें सर्वांत उशिरां आपल्या कानांवर आलें. तेथें १९२० सालीं कायद्यानें कारखान्यांत कामगारांचीं मंडळें निघालीं. नाझी राजवटीनें तीं १९३४ सालीं मोडलीं. पुढें पश्चिम जर्मनींत १९५१ सालीं कोळसा व पोलाद यांच्या धंद्यांत, आणि नंतर इतर मोठ्या कंपन्यांत, देखरेख-मंडळावर कामगारांचे प्रतिनिधि बसूं लागले. आपल्याकडेही १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यांत, शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उभय पक्षांच्या समित्या नेमण्याची तरतूद झाली. पण जर्मनींत जें मंडळ निर्णयांत वांटेकरी झालें, तें येथें बहुतेक ठिकाणीं उपाहारगृहांतील चहा आणि पिण्याचें पाणी यांपलीकडे फारसें गेलें नाहीं. कायद्याचें कलम आणणें सोपें, आणि अधिकार वांटून देणें कठीण, याचें हें एक उदाहरण.

युद्धोत्तर जपाननेंही जगाला एक नमुना दिला : जन्मभराची नोकरी, ज्येष्ठतेप्रमाणें वाढणारा पगार, आणि कंपनीपुरती युनियन. त्यांतील कांहीं भाग १९८० नंतर सुझुकीच्या मोटारीबरोबर भारतांत आला. साहेब आणि कामगार एकाच गणवेशांत, एकाच भोजनगृहांत दिसूं लागले. मात्र जपानांतही ती जन्मभराची हमी मोठ्या कंपन्यांतील कायम पुरुष नोकरांपुरती होती. स्त्रिया आणि कंत्राटी कामगार त्या छत्राबाहेरच होते. कोणत्याही देशाच्या पद्धतीचें कौतुक करण्यापूर्वीं तिच्या छायेंत कोण बसलें आहे आणि उन्हांत कोण उभें आहे, हें पाहिलें पाहिजे.

श्रोतेहो, इतका जगाचा फेरा केल्यावर पुनः पार्ल्याच्या फलाटावर येऊं. सकाळीं कारकून गेल्यावर थोड्याच वेळानें तेथें पांढऱ्या टोप्या दिसतात. जेवणाचे डबे पोहोंचविणाऱ्यांचा हा धंदा महादू हावजी बच्चे यांनीं १८९० सालीं सुरू केला. म्हणजे गिरणीकामगारांना रविवार मिळाला तें वर्ष आणि हें वर्ष एकच. मावळ, खेड, जुन्नर या भागांतून आलेले हे लोक. रंगाच्या खुणा, अक्षरें आणि आंकडे यांच्या आधारानें डबा तीन-चार हातांतून जातो आणि जेवणाच्या वेळेस नेमक्या मेजावर पडतो. परदेशींच्या व्यवस्थापन-विद्यालयांनीं या कामाचा अभ्यास केला आहे, आणि २००३ सालीं इंग्लंडचे युवराजही त्यांना भेटून गेले.

या व्यवस्थेंतही प्रत्येक टोळीला एक मुकादम असतो. शब्द तोच आहे, पण त्याच्या पायांखालची जमीन निराळी आहे. टोळींतला मनुष्य आरंभीं पगारावर असतो, पुढें पैसे भरून आपल्या फेरीचा भागीदार होतो. खर्च वजा जातां मिळकत टोळींत वांटली जाते. टोपी नसली, कामावर दारू घेतली, तर दंड होतो. पण तो दंड भागीदारांच्या नियमाचा असतो. गिरणींतला मुकादम वरच्याला जबाबदार होता आणि खालच्यावर सत्ता चालवीत होता. डबेवाल्यांचा मुकादम आपल्याच माणसांना जबाबदार असतो आणि स्वतःही डबे उचलतो. म्हणून एका मुकादमाच्या नांवानें कमिशन बसलें, आणि दुसऱ्याच्या कामाचा अभ्यास झाला. गिरगांवांत १५ मार्च १९५९ रोजीं सात स्त्रियांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला, आणि त्यांतून 'लिज्जत'ची संस्था वाढली. तेथेंही लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची मालकीण समजली जाते. आपल्या मातींतून उगवलेलें हें पांचवें उत्तर आहे, आणि तें कोणत्याही आगबोटीनें आलेलें नाहीं.

राहतां राहिला पार्ल्याचा कारकून. त्याचा साहेब बहुधा इंग्रज कंपनीचा किंवा सरकारचा. त्याचें जीवन म्हणजे हजेरीपट, उशिराची लाल खूण, दरसालची अल्प बढती, आणि अखेरीस पेन्शन. त्या नोकरींत वैभव नव्हतें, पण पुढील तीस वर्षें दिसत होतीं; म्हणूनच त्यानें घराचें कर्ज काढलें, मुलांना शाळेंत घातलें, संध्याकाळीं नाटकाच्या तालमीस गेला. शाळा आणि सभागृह यांचा पाया या निश्चितपणावर उभा होता. पुढें १९७३ सालीं शेजारच्या अंधेरीस सीप्झ हा निर्यातीचा औद्योगिक विभाग उघडला, आणि नंतर संगणकाच्या व दूरध्वनीच्या कचेऱ्या उपनगरांत पसरल्या. त्या कचेऱ्यांतील तरुण मुलगी पार्ल्यास राहून अमेरिकेच्या दिवसाप्रमाणें रात्रीं काम करूं लागली. पणजोबांच्या गिरणीनें सूर्याची मर्यादा ओलांडली होती. पणतीच्या कचेरीनें पृथ्वीचें फिरणेंच ओलांडलें. पगार मोठा झाला, खुर्ची मऊ झाली; पण उद्यां काम राहील कीं नाहीं, आणि सुटीच्या दिवशीं साहेबाचा निरोप येईल कीं नाहीं, याची शाश्वति राहिली नाहीं.

या सर्व इतिहासाचा बोध काय? माझ्या मतें, कोणत्याही देशाची कामाची रीत पारखावयाची असेल तर तीन प्रश्न विचारावे. माणसाला ठेवण्याचा आणि काढण्याचा अधिकार कोणाच्या हातीं आहे, आणि तो कोणाला जबाब देतो? काम संपल्यावर उरलेला वेळ कोणाच्या मालकीचा आहे? आणि तक्रार असल्यास ती ऐकणारा, मालकाच्या मर्जीवर न जगणारा, कोणी आहे काय? न्यू लॅनार्कनें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर बरें दिलें, पण पहिल्या व तिसऱ्याचें दिलें नाहीं. टेलरला हे प्रश्न पडले नाहींत. जर्मनीनें तिसऱ्याचें उत्तर कायद्यांत लिहिलें. डबेवाल्यांनीं पहिल्याचें उत्तर आपल्या वहिवाटींत लिहिलें.

आणि दुसऱ्या प्रश्नाचें आपल्या देशांतील पहिलें मोठें उत्तर नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मिळवून दिलें. प्लेगाच्या सांथींत रोग्यांची शुश्रूषा करीत असतां ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं ते वारले. रविवारीं सकाळीं पार्ल्याच्या बाजारांत पिशवी घेऊन सावकाश हिंडणारा गृहस्थ, दुपारीं पुस्तक तोंडावर ठेवून निजणारी शिक्षिका, संध्याकाळीं सभागृहांत व्याख्यानास जमलेली मंडळी, या सर्वांना ती सुटी पंचांगांतूनच आली आहे असें वाटतें. ती साडेपांच हजार सह्यांनीं मागितलेली आणि सहा वर्षांनीं मिळालेली वस्तु आहे. जें मागून मिळालें तें न जपल्यास जाऊंही शकतें, एवढें लक्षांत ठेवून येत्या रविवारीं आपण खुशाल विसांवा घ्यावा.